लळा कुणाचा, घराचा की माणसाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'कुत्रा जीव लावतो माणसाला आणि मांजर जीव लावतं घराला' असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ऐकायला हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण घर बदलायची वेळ आली की त्याचा परिणाम दिसतो. टेम्पोत कपाटं चढतात, गाद्या चढतात, तुळशीची कुंडी चढते. कुत्रा असला तर तोही ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसतो. मांजर मात्र मागं राहतं. 'त्याला काय, त्याला घराचाच लळा!' असं म्हणून आपण मोकळे होतो. मग ते मांजर कुलूप लावलेल्या दाराशी चार-आठ दिवस ओरडत बसतं. नवे भाडेकरू येतात, त्यांना मांजर आवडत नसतं, आणि एके दिवशी ते दिसेनासं होतं. म्हणजे एका म्हणीच्या आधारावर आपण एका जिवाचा निकाल लावून टाकलेला असतो.

म्हणून आज मी एवढाच प्रश्न घेतला आहे. पाळलेल्या मांजराला आपण खरंच कुणी नसतो का? आणि असलो, तर ते आपल्याला तसं सांगतं कसं?

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.ला मराठी घेतलं होतं, प्राणिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरता. पण मिरजेच्या आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून मांजर आहे. मुसलमान घरांत मांजराला सहसा मज्जाव नसतो. पैगंबरसाहेबांचे एक सहकारी तर अबू हुरैरा या नावानंच ओळखले जातात. मांजराच्या पिल्लाचा बाप, असा त्या नावाचा अर्थ. आमच्या मांजरीला घरात 'मानो' म्हणत आणि शेजारच्या काकू तिला 'मनी' म्हणत. दोन्ही हाकांकडं ती सारख्याच तटस्थपणे दुर्लक्ष करायची! असं का, ते पुढं सांगतो.

आपल्या भाषेनं मांजराची बदनामी बरीच केली आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं. मांजर आडवं गेलं की काम बिघडतं. शिंक्याचं तुटतं आणि बोक्याचं साधतं. उंदराला साक्ष कोण, तर मांजर. हिंदीवाल्यांनी तिला शेकडो उंदीर खायला घालून हजला पाठवलंय. कुत्रा इमानी आणि मांजर मतलबी, असा हिशेब आपण लहानपणीच पाठ करून ठेवलेला असतो.

या हिशेबातली गोम कळायला थोडं मागं जावं लागेल. कुत्रा आला लांडग्यापासून. लांडगे टोळीनं राहतात, टोळीनं शिकार करतात. टोळीत राहायचं तर दुसऱ्याची मर्जी सांभाळावी लागते आणि आपला आनंद ठळकपणे दाखवावा लागतो. मांजराचा पूर्वज वेगळा. आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर हा त्याचा मूळपुरुष, आणि ते एकट्यानं शिकार करणारं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागं उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर आलं. त्याला कुणी पकडून आणलं नाही. त्याचं ते आलं आणि राहिलं. सायप्रस बेटावर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एका माणसाचा सांगाडा, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आठेक महिन्यांच्या मांजराचा सांगाडा. हा शोध 2004 साली प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी त्यांना होडीत घालून समुद्रापार नेलं होतं. गंमत बघा, साडेनऊ हजार वर्षांपूर्वी घर बदलताना माणसानं मांजर मागं ठेवलं नव्हतं!

तर एकट्यानं जगणाऱ्या प्राण्याच्या वंशातलं हे जनावर. त्याला पुढाऱ्याची मर्जी राखायची सवय नाही. त्याच्याकडं प्रेमाची जी भाषा आहे, ती त्याला आईकडून मिळालेली आहे. पिल्लू असताना आईशी जे वागणं होतं, तेच ते मोठेपणी आपल्याशी करतं. ही एवढी किल्ली हातात ठेवली की पुष्कळ कुलपं उघडतात.

पहिली खूण शेपटीची. तुम्ही बाहेरून आलात आणि मांजर शेपूट काठीसारखी ताठ उभी करून, टोक किंचित वाकवून तुमच्याकडं चालत आलं, तर ते स्वागत समजा. पिल्लं आईकडं अशीच धावतात. शेपूट उभी म्हणजे मनात वैर नाही. इथं कुत्र्याचा नियम लावाल तर फसाल. कुत्र्यानं शेपूट हलवली की बहुधा तो खूश असतो. मांजर शेपूट डावी-उजवीकडं झटकू लागलं, तर त्याला 'पुरे आता' म्हणायचं असतं. आपण तरीही कुरवाळत राहतो, ते ओरबाडतं आणि आपण म्हणतो, कृतघ्न आहे!

दुसरी खूण पायात घोटाळण्याची. मराठीनं या क्रियेला किती नेमका शब्द दिलाय! हातात पातेलं आहे, आणि ही दोन पायांमधून आठचा आकडा काढत फिरतेय. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कानशिलापाशी आणि शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात. आपल्या नाकाला तो वास येत नाही, मांजराला येतो. अंग घासून ते आपला वास तुम्हाला लावतं आणि तुमचा स्वतःला घेतं. एकत्र राहणारी मांजरंही एकमेकांना असंच घासतात, त्यातून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. तो ज्याच्या अंगाला येतो तो आपला. तुम्ही न्हाऊन आलात की मांजर लगेच येऊन पुन्हा पायाला अंग घासतं, त्याचं कारण हे असावं. साबणानं तुम्ही परके होऊन आलेले असता.

तिसरी खूण, पंजांनी मळण्याची. मांडीवर, पोटावर, गोधडीवर बसून मांजर दोन्ही पंजे आळीपाळीनं दाबत राहतं. आमच्या अम्मा म्हणत, 'आटा गूंदती बैठी.' पिल्लू आईचं दूध पिताना पान्हा सुटावा म्हणून तिच्या पोटावर असंच दाबतं. मोठं झालेलं, मिशा पांढऱ्या झालेलं मांजर तुमच्या मांडीवर तेच करत असेल, तर त्या घटकेला तुम्ही त्याची आई झालेले असता. नखं टोचतात, मान्य आहे. मध्ये जाड टॉवेल घ्यावा, ढकलून देऊ नये.

चौथी खूण घुर्रघुर्र आवाजाची. ही सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती थोडी जपून वाचावी लागते. मांजर सुखात असलं की घुर्र करतं, तसंच आजारात, वेदनेत आणि विताना देखील करतं. म्हणून नुसत्या आवाजावर जाऊ नये, सोबत डोळे आणि अंगाची ठेवण बघावी. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅककोम्ब यांनी 2009 साली दाखवून दिलं की भूक लागलेलं मांजर कधीकधी या घुर्र आवाजात एक उंच, रडवेला सूर मिसळतं. तो सूर तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या जवळ जाणारा असतो, आणि म्हणून ऐकणाऱ्याला स्वस्थ बसवत नाही. यावर कुणी म्हणेल, बघा, मतलबीच! पण तान्हं मूलही दुधासाठी रडतं. त्याला आपण मतलबी म्हणत नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडंच मागणं मागितलं जातं.

यापेक्षाही मला स्वतःला भावलेली गोष्ट 'म्याव'ची आहे. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्याव म्याव करून फारसं बोलत नाहीत. भांडताना गुरगुरतात, माजावर आल्यावर रात्री ओरडतात, ते वेगळं. साधं म्याव हे पिल्लू आईला हाक मारायला वापरतं आणि मोठं होता होता मांजरांमध्ये ते मागं पडतं. पाळलेलं मांजर मात्र ते आयुष्यभर राखून ठेवतं, कारण त्याला आपल्याशी बोलायचं असतं. आपण शेपटी वाचत नाही, वास ओळखत नाही, पण आवाज दिला की वळून बघतो, हे त्याच्या ध्यानात येतं. मग दार उघड म्हणण्याचं एक म्याव, भूक लागल्याचं एक, कुठं होतास म्हणून विचारण्याचं एक, असा प्रत्येक घराचा स्वतंत्र शब्दसंग्रह तयार होतो. तो त्या मांजराला आणि त्या घरातल्या माणसांनाच कळतो. मी शब्दांच्या व्यवहारात आयुष्य घालवलं. केवळ आपल्याशी बोलता यावं म्हणून एखादा जीव आपली बालभाषा जन्मभर सांभाळतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता डोळ्यांकडं येऊ. मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण आपण लबाडीसाठी वापरतो. प्रत्यक्षात मांजराचं डोळे मिटणं वेगळंच काही सांगतं. शांत बसलेलं मांजर तुमच्याकडं बघत पापण्या अर्ध्या मिटतं, सावकाश उघडतं, पुन्हा मिटतं. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2020 साली यावर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. घरच्या माणसांनी मांजराकडं बघून अशी सावकाश उघडझाप केली, तेव्हा मांजरांनीही उलट तशीच उघडझाप जास्त वेळा केली. पुढं एका अनोळखी माणसानं हेच करून हात पुढं केला, तर नुसता कोरा चेहरा ठेवण्याच्या तुलनेत मांजरं त्याच्याकडं अधिक आली. रोखून बघणं मांजराच्या जगात धमकी असते. समोर कुणी असताना डोळे मिटणं म्हणजे 'मला तुझी भीती नाही' असं सांगणं. आज घरी करून बघा. मांजरापासून थोडं लांब बसा, चेहरा सैल सोडा, पापण्या हळू मिटा आणि उघडा. उत्तर आलं तर बरं वाटेल, नाही आलं तर आग्रह धरू नका.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. मांजर उताणं लोळून पोट दाखवतं, तेव्हा ते विश्वास दाखवत असतं. पोटाला हात लावायचं ते आमंत्रण असेलच असं नाही. आणि उंदीर, पाल, चिमणी आणून ते तुमच्यापुढं टाकतं. असं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. आपली शिकार निर्धास्त जागी आणून ठेवणं एवढाच त्याचा हेतू असेल. मांजरी पिल्लांना शिकवण्यासाठी आधी मेलेला आणि पुढं जिवंत उंदीर आणून देते, तसंही काही असेल. कसंही असलं तरी ते तुम्हाला डिवचण्यासाठी नसतं. ओरडू नका. गुपचूप उचलून टाका आणि हात धुवा.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. नाव घेऊन हाक मारली तरी मांजर येत का नाही? जपानमधल्या अत्सुको सायतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली मांजरांना परक्यांचे आणि घरच्या माणसाचे आवाज ऐकवले. घरच्या माणसाचा आवाज मांजरांनी ओळखला. कान वळले, मान वळली. उठून मात्र सहसा कुणी आलं नाही! 2019 साली त्यांनीच असं दाखवलं की पाळलेली मांजरं आपलं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखू शकतात. म्हणजे आमच्या मानोला सगळं कळत होतं. आमच्या पिढीतले वडीलही असेच होते. मुलगा परगावाहून आला की वर्तमानपत्रातून डोकं वर निघायचं नाही, पण कान दाराकडं असायचे.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. लळा माणसाचा की घराचा? इथं शास्त्रज्ञांमध्येही वाद आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली असा निष्कर्ष काढला, की मोठं मांजर सुरक्षिततेसाठी माणसावर तसं अवलंबून नसतं. अमेरिकेत ऑरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन विटाले यांनी 2019 साली वेगळं चित्र मांडलं. त्यांनी मांजराला त्याच्या माणसासोबत अनोळखी खोलीत दोन मिनिटं ठेवलं. मग माणूस दोन मिनिटं बाहेर गेला आणि परत आला. माणूस परतल्यावर शंभरातली सुमारे चौसष्ट पिल्लं निवांत झाली. त्याच्याजवळ गेली आणि मग खोली हुंगायला लागली. लहान मुलं आईच्या बाबतीत जे करतात, त्याच जातीचं हे वागणं. मोठ्या मांजरांतही प्रमाण साधारण तेवढंच निघालं. ध्यानात घ्या, खोली परकी होती. तिथं घर नव्हतं, घराचा वास नव्हता. ओळखीचं होतं ते फक्त माणूस, आणि त्याच्याच आधारावर ती मांजरं सावरली.

हेच मी 2011 साली आमच्या घरात पाहिलं. वाटण्या झाल्या, जुनं घर सोडून आम्ही गावाबाहेरच्या फ्लॅटमध्ये जायला निघालो. मानो तेव्हा नऊ वर्षांची. थोरले भाई म्हणाले, तिला इथंच राहू दे, मांजर काही नव्या घरात टिकत नाही. अम्मांनी त्यांना हदीसमधला एक प्रसंग सांगितला. अबू कतादा नावाचे एक सहकारी वुजूला बसले असताना मांजर आली, तर त्यांनी पाण्याचं भांडं तिरकं करून तिला प्यायला दिलं आणि म्हणाले, की पैगंबरांनी हिला अपवित्र म्हटलेलं नाही, ही आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे. एवढं सांगून अम्मा म्हणाल्या, 'घर में फिरनेवाली हय उनो. उसकू छोडको कैसा जानेका?' भाई पुढं बोलले नाहीत. मानो भाजीच्या झाकणाच्या टोपलीत बसून फ्लॅटवर आली.

पहिले सहा दिवस ती अम्मांच्या पलंगाखालून बाहेर आली नाही. रात्री कधीतरी उठून खायची. अम्मांनी आपली जुनी, न धुतलेली शाल पलंगाखाली सारून ठेवली होती. सातव्या दिवशी दुपारी ती वर आली, अम्मांच्या मांडीवर चढली आणि पंजांनी मळायला लागली. घर लागलं तिला. पण आधी माणूस लागला, मग घर लागलं.

पुढं 2016 साली अम्मांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. आम्ही मुलं, सुना त्यांच्याशी मोठमोठ्यानं बोलायचो, खुणा करायचो, त्यांना काय हवंय ते ओळखता न आल्यानं रडकुंडीला यायचो. मानो पायथ्याशी बसून असायची. ती अम्मांकडं बघायची, सावकाश पापण्या मिटायची. अम्माही मिटायच्या. तासन् तास हा व्यवहार चाले. तिला फक्त उबेची जागा हवी असेल, असं म्हणता येईल. पण उबेच्या जागा घरात आणखी होत्या. या अभ्यासांपैकी तेव्हा मी काहीच वाचलेलं नव्हतं. एवढं मात्र दिसत होतं की घरात एकच जीव असा आहे, ज्याला अम्मांच्या न बोलण्यानं अडत नाही. त्या दोघींना बघून बघून आम्हीही हळूहळू बोलणं कमी केलं आणि अम्मांच्या डोळ्यांकडं बघायला लागलो. शेवटचे आठ महिने आमचं त्यांच्याशी पुष्कळ बोलणं झालं, ते असं.

म्हणून शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. घर बदलणार असाल तर मांजराला नेताना टोपली किंवा पिंजरा बंद असू द्या. नव्या घरी पहिल्यांदा एकाच खोलीत ठेवा. तिथं त्याचं जुनं अंथरूण आणि तुमचा एखादा न धुतलेला कपडा असू द्या. दोन-तीन आठवडे तरी बाहेर सोडू नका, नाहीतर ते जुन्या वाटेनं परत जायला निघतं. म्हणीत खरं आहे ते एवढंच. मांजराला आपल्या इलाख्याची ओढ असते आणि इलाखा बदलला की ते घाबरतं. घाबरलं म्हणून त्याला तुम्ही नकोत, असा अर्थ होत नाही.

पिल्लू आणायचं असेल तर हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत ज्या पिल्लांना माणसाचा प्रेमळ हात लागतो, ती पुढं माणसाळतात. ज्यांना तो लागला नाही, ती जन्मभर बुजरी राहू शकतात. तुमचं मांजर मांडीवर येत नसेल, पण तुम्ही बसता त्या खोलीत येऊन कोपऱ्यात बसत असेल, तर त्याच्या परीनं ते जवळच आलेलं आहे. मांजर आजारपण लपवतं, हेही विसरू नका. रोज अंग घासणारं, मळणारं मांजर अचानक कोपऱ्यात दडून बसलं, दिवसभर खाईना, तर ते रुसलंय म्हणून सोडून देऊ नका. जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या.

कुत्र्याच्या मापानं मांजराची माया मोजली तर ती नेहमी कमीच भरणार. आपल्या घरांतही मोठ्यानं प्रेम सांगणारी माणसं थोडी असतात. बाकीची कान वळवतात, जवळ येऊन बसतात, डोळे मिटतात. तेव्हा पुढच्या खेपेला टेम्पो भरताना घरातली माणसं मोजाल, त्यात तिलाही मोजा.